म आला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ चाळीसला
डागा हॉस्पिटलात माझ्या भावाला मुलगी झाली.
तिकडे इतवारीत पिवळी मारबत उचलली होती,
नरेश गर्दीत अडकलेला,
फोनमध्ये त्याच्याहून मोठ्यानं ऐकू येत होतं:
रोगराई घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत.
"पोट्टी झाली," मी म्हटलं.
"काय?"
"पोट्टी!"
मग बँडच वाजला नुसता.

गुरुजींनी पंचांग उघडलं. मघा. म आला.
नाव आत्यानं ठेवायचं, म्हणजे मी.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं
आणि चटकन दुसरीकडे.
माझंही नाव म वरूनच होतं.

होतं.
बाबांनी मेनका ठेवलं, कीर्तनात ऐकून,
त्यांना त्याचा नुसता आवाज आवडला होता.
सासरच्यांना नाही.
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं: शालिनी.
तीन वर्षांनी परत आले तेव्हा
गॅसच्या पुस्तकावर शालिनी, बँकेत मेनका,
आणि नवा पोस्टमन दोघींनाही ओळखेना.

बारशाला बारा दिवस.
मी नोकरीला आहे त्या वाचनालयात दैवतांचा एक कोश आहे,
क ते ग वाळवीनं खाल्लेला. म शाबूत.

मेडुसा. देवळात जबरदस्ती तिच्यावर,
शिक्षाही तिलाच: केसांचे साप.
नको.
साप मात्र मला आवडले.

मात, इजिप्तची. मेलेल्याचं काळीज
तिच्या पिसाशी तोलतात.
इतवारीतल्या एकाही सराफाकडे असलं वजन नसेल.

मेंगपो, चीनची म्हातारी, पुलाशी बसून
मेलेल्यांना सूप पाजते, मागचं विसरावं म्हणून.
आमच्या चौकात तर्री पोह्यांच्या गाडीवरची बाई तशीच दिसते,
पण तिची तर्री घशाखाली उतरली की
सगळं आठवतं.

मेटिस. पोटुशी असताना नवऱ्यानं गिळली.
त्याच्या पोटात बसून ती त्यालाच सल्ले देत राहिली.
इथे मी कोश मिटला,
खाली जाऊन चहा घेतला, एक बिस्किट भिजून पडलं त्यात.

मेरेतसेगर, थडग्यांवर राखण करणारी नागीण.
नावाचा अर्थ: जिला शांतता आवडते.
मी उठून पंखा बंद केला.

"काय वाचून राहिली तू ताई एवढं?" नरेश म्हणाला,
"एक नावच तं ठेवायचं आहे."

मारबत शोधली.
मारीच होता, मारुती होता. ती नव्हती.
गावभराच्या शिव्या खात जी फिरते,
आपली दुखणी कवटाळून जळते,
आणि पुढल्या पोळ्याला बांबूवर कागद चढवून
पुन्हा उभी, तशीच, कुणावर न रागावता.
कोशवाल्यांना नागपूर लागलंच नसेल वाटेत.

घरात तोवर मायरा ठरलं होतं.
प्रणोतीनं मोबाईलवर शोधलेलं,
अर्थ तीन ठिकाणी तीन,
पेढ्यांच्या डब्यांवर छापूनही झालं होतं.
मला फक्त कानात सांगायचं होतं.

गणपतीचे दिवस, शेजारच्या मंडपात आरती.
पाळण्याखाली घुगऱ्या.
मी वाकले. बायकांनी सूर धरला, कुर्रर्र,
आणि निखाडेकाकूंचा धपाटा पाठीत असा बसला
की पाठ केलेलं सगळं सांडलं.

म हे अक्षर ओठ मिटल्याशिवाय निघत नाही.
ओठ मिटले.
म्म्
एवढंच गेलं तिच्या कानात,
पुढचं काही नाही.
काना नाही, मात्रा नाही.

"मायरा!" सगळ्या ओरडल्या.
ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती,
अजून काही येणार असल्यासारखी.
मी म्हटलं, नाही गं,
उरलेलं तुझ्याकडे.

मग कुणीतरी मला हाक मारली पेढे वाटायला.
कुठल्या नावानं ते लक्षात नाही,
पण मी वळले.